पाळीचा धडा मैदानावरच हवा, आणि मुलग्यांसमोर हवा

भातकापणी आटपली की कोकणात कबड्डीचा हंगाम सुरू होतो. कापलेल्या शेतात मैदान आखलं जातं, हॅलोजन लागतात, गावच्या मुंबईकरांचं मंडळ बक्षिसाची रक्कम कळवतं. यंदा आमच्या तालुक्यात मुलामुलींच्या सराव शिबिरात मासिक पाळीवर अर्धा तास बोलायचं ठरलं आणि मुलग्यांनाही तिथे बसवायचं ठरलं. एवढ्यावरून वाडीवाडीत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, पोरींना खेळायला पाठवलंय, असले विषय चव्हाट्यावर आणायला नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पाळी ही स्त्रीची शक्ती आहे, अभिमान बाळगा, लाजता कसल्या? एकाने लाज धरून ठेवली, दुसऱ्याने अभिमान. ज्या मुलीला उद्या सकाळी चढाईला जायचंय तिच्या हाती दोघांकडूनही काही पडलं नाही. तिला माहिती हवी, आडोसा हवा, पाणी हवं, आणि ‘आज अंग जड आहे, पाळी आलीय’ हे सरळ सांगता येईल असं माणूस हवं. माझं मत मी आधीच सांगून टाकते. पाळीच्या आरोग्याचं शिक्षण द्यायला आपल्याकडे कबड्डी-खोखोच्या मैदानाइतकी योग्य जागा दुसरी नाही. ते रोजच्या सरावातच दिलं पाहिजे आणि मुलग्यांना बाहेर काढून देता कामा नये.

मी शाळेत शिकवते आणि हंगामात मुलींच्या सामन्यांना पंच म्हणून उभी राहते. पंचाला जे दिसतं ते प्रेक्षकांना दिसत नाही. चढाईला निघालेली मुलगी मध्यरेषेपाशी क्षणभर थबकते, मान किंचित मागे वळवते, आणि कोपरा सांभाळणारी मुलगी डोळ्यांनीच ‘काही नाही, जा’ म्हणते. बघणाऱ्यांना वाटतं, डावपेच चाललाय. खरं तर ती विचारत असते, डाग दिसत नाही ना. मध्यंतरात तेच शब्दांत येतं, ‘मागे बघ गो जरा.’ एप्रिलच्या उकाड्यात राखीव खेळाडूंच्या रांगेत एखादी कंबरेला जॅकेट बांधून बसलेली असते. संघ टेम्पोतून आलेला, मैदान सड्यावर, म्हणजे उघड्या कातळावर, जवळ संडास नाही, विहिरीला पाणी तळाशी. मग सकाळी घरून लावलेलं पॅड रात्री दहाला घरी जाऊनच निघतं, आणि लघवीला जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. त्यातच बाहेरून सरांचा आवाज येतो, ‘आज पाय का उचलत नाहीस?’ नियमाने संघाला मध्यंतराआधी दोन आणि नंतर दोन, असे ३० सेकंदांचे टाइम आउट मिळतात. त्यातला एक मागायचा तर कर्णधाराकडे सांगण्याजोगं कारण नसतं.

‘हे वर्गात शिकवा की’ असं म्हणणाऱ्यांनी वर्गात काय होतं ते पाहावं. मासिक पाळीचं चक्र नीट समजावून सांगणारा धडा राज्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या विज्ञानात येतो. बहुतेक मुलींना पाळी येते बारा-तेराव्या वर्षी. म्हणजे धडा येईस्तोवर आजीने, मावशीने, शेजारणीने आपापलं शिकवून झालेलं असतं. मधल्या काळात एखादं व्याख्यान होतं. मुलींना सभागृहात बोलावतात, दार लावून घेतात, मुलग्यांना सांगतात, ‘तुम्ही पटांगणात जा.’ त्या बंद दाराने मुलग्यांना जे शिकवलं ते कुठलंही पुस्तक पुसू शकत नाही. आत काहीतरी चोरटं, हसण्याजोगं चाललंय, एवढंच ते घेऊन जातात. मैदानावर असं होत नाही, कारण तिथे शरीराबद्दल रोजच बोलणं चालू असतं. घोटा मुरगळला का, पोटरीत गोळा आला का, रात्री झोप झाली का, न्याहारी केलीस का. या प्रश्नांच्या रांगेत ‘पाळी सुरू आहे का, दुखतंय का’ हा प्रश्न बसवला की तो इतर प्रश्नांइतकाच साधा होतो. खेळही मदतीला घेता येतो. चढाई करणारीने एक ऐकीव समजूत मोठ्याने सांगायची, ‘पाळीत लोणच्याला हात लावला की ते नासतं’, आणि समोरच्या सात जणींनी खरं की खोटं ठरवून मगच पकड करायची. असले प्रयोग आपल्या देशात झालेलेही आहेत. दिल्लीत नाझ फाउंडेशनने २००६ पासून नेटबॉलच्या सरावातून किशोरींना आरोग्य आणि हक्क शिकवले. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमाने क्रिकेटच्या प्रशिक्षकांकडून शाळकरी मुलग्यांशी बायकांशी वागण्याबद्दल बोलवून घेतलं. मुलं बापाचं ऐकत नाहीत, मास्तरांचं ऐकत नाहीत, पण संघात घेणाऱ्या सरांचं ऐकतात, हे आपण सगळेच पाहतो.

मैदानाची बाजू घेण्याचं याहून मोठं कारण स्पर्शाचं आहे. ज्या मुलीला घरात चार दिवस पडवीत बसवलेलं असतं, जिच्या हाताचं पाणी देवघरात चालत नाही, तिचाच घोटा त्या दिवशी सहा जणी धरतात, तिच्या कमरेला मिठी पडते, साखळीत तिचा हात दुसरीच्या हातात असतो. कुणाचं काही बिघडत नाही. हे तिला कोणी भाषण देऊन पटवावं लागत नाही. १९२७ साली महाडला जे घडलं त्यातलं बळ हेच होतं. २० मार्चला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी विटाळावर वाद घातला नाही, ओंजळीने पाणी प्यायलं. सवर्णांनी मागाहून शेण-गोमूत्र घालून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, यावरूनच कळतं की घाव कुठे बसला होता. जातीची अस्पृश्यता आणि पाळीचं लांब बसणं एका तागडीत तोलता येत नाही. एक जन्मभराची आणि पिढ्यान्‌पिढ्यांची होती, दुसरं महिन्यातल्या चार दिवसांचं आहे. पण माणसाच्या अंगाला अंग लागलं की दुसरं अंग मळतं, ही समजूत दोन्हीकडे तीच आहे, आणि ती स्पर्शानेच मोडते.

आता विरोधकांचे मुद्दे. ते सगळेच टाकाऊ आहेत असं मी मानत नाही. पहिला मुद्दा घरातल्या म्हाताऱ्या बायकांचा आणि तो मनापासून आलेला आहे. त्या म्हणतात, ‘तेवढेच चार दिवस आम्हांला पाठ टेकायला मिळायची. तुम्ही तेही काढून घेताय.’ त्यांच्या आयुष्यात दुसरी सुट्टी नव्हती, हे खरंच आहे. पण ती विश्रांती किती खरी होती? आषाढात लावणीच्या वेळी पाळी आली तर त्या घरी बसल्या का? गुडघाभर चिखलात वाकून दिवसभर रोपं लावत होत्या. शेताला विटाळ नव्हता, चुलीला होता. चिखलातल्या कष्टांना चालणारं शरीर चार वाजता खोखो खेळायला मात्र नाजूक ठरतं, ‘धावलीस तर अंग बाहेर येईल’ अशी भीती घातली जाते. नेहमीच्या खेळाने निरोगी मुलीचं गर्भाशय सरकत नाही. विश्रांती ज्या दिवशी हवी त्या दिवशी मागून मिळाली पाहिजे, शिवू नको म्हणून नव्हे.

दुसरा मुद्दा संस्कृतीचा. असल्या गोष्टी आपल्यात चारचौघांत बोलत नाहीत म्हणे. मग १८९१ साली काय झालं होतं? संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय १० वरून १२ करण्याचा. विरोधकांचा मुख्य आधार गर्भाधान विधीचा, म्हणजे नवऱ्याशी पहिल्या संबंधाच्या विधीचा होता: पहिल्या ऋतुदर्शनानंतर तो विधी झालाच पाहिजे, आणि बारा वर्षांच्या आत पाळी आलेल्या मुलीच्या बाबतीत कायदा धर्मात आडवा येतो. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी परक्या सरकारने यात हात घालू नये म्हणून विरोध केला. मालवणात जन्मलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातलीच वचनं काढून कायद्याची बाजू मांडली. आगरकर ‘सुधारका’तून लिहीत होते. महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांत, सभांत, कायदेमंडळात मुलीची पहिली पाळी कधी येते आणि मग काय करावं यावर थोर थोर पुरुष जाहीर वाद घालत होते. तेव्हा संस्कृती बुडाली नाही. चारचौघांत हा विषय निघण्याला आपली कधी हरकत नव्हतीच. ज्या मुलींबद्दल तो निघाला त्यांनी बोलावं, याला हरकत होती आणि अजून आहे. मुरुडच्या कर्व्यांच्या घरातले रघुनाथ धोंडो १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक काढत राहिले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. ते मासिक १९५३ पर्यंत चाललं. आपल्याच किनाऱ्याचा हा वारसा आहे. तो विसरून २००७ मध्ये याच राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षण गुंडाळून ठेवलं.

मुलग्यांना बसवण्याला जास्तीत जास्त विरोध आहे. त्यातला एक भाग मला मान्य आहे. पहिल्यांदा बोलताना मुलींना मुलग्यांसमोर संकोच वाटतो, चेष्टेची भीती असते, आणि ती भीती खोटी नाही. म्हणून आधी काही आठवडे मुलींशी वेगळं बोला, मुलग्यांशी वेगळं बोला, मग एकत्र आणा. कोणत्याही मुलीला स्वतःबद्दल सर्वांसमोर बोलायला लावू नका. पण ‘मुलग्यांना काय करायचंय हे कळून’ हा प्रश्न मला ऐकवत नाही. २०२३ च्या मे महिन्यात उल्हासनगरमध्ये एका भावाने आपल्या १२ वर्षांच्या बहिणीचा जीव घेतला. तिच्या कपड्यांवरचा पाळीचा डाग पाहून त्याने भलताच संशय घेतला होता. तीस वर्षांच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, आणि त्या पोरीला त्याला समजावता आलं नाही, कारण तिलाच कोणी सांगितलेलं नव्हतं. अज्ञानाचा दोष एकट्या त्या घराचा मानून आपण मोकळे होणार का? आज जे पंधरा वर्षांचे मुलगे कबड्डी खेळतात तेच उद्या भाऊ, नवरे, बाप, बसचे चालक, शाळांचे मास्तर होणार आहेत. संघात मुलीला पाळीचा त्रास होतोय हे कळल्यावर तिची बॅग उचलणारा, तिच्या जागी पाण्याच्या बाटल्या भरून आणणारा मुलगा मी पाहिलेला आहे. त्याला कोणी उपदेश केला नव्हता, फक्त माहिती दिली होती.

यापेक्षा गंभीर हरकत प्रशिक्षकांबद्दलची आहे. आपल्याकडे मुलींचे बहुतेक प्रशिक्षक पुरुष आहेत. अशा माणसाच्या हाती मुलींच्या शरीराबद्दल बोलण्याचा अधिकार द्यायचा? २०२३ मध्ये देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर जंतरमंतरवर का बसल्या होत्या ते आपण पाहिलं. या भीतीला मी हलकं लेखणार नाही. ज्या संघात जबाबदार बाई नाही त्या संघात पुरुष प्रशिक्षकाने एकट्याने हा विषय काढूच नये. कोणाची पाळी कधी येते याची वही सरांकडे नको, ज्या त्या मुलीकडेच राहू दे, आणि सांगायचं की नाही तेही तिनेच ठरवावं. मात्र बाई असली की सगळं सुरक्षित, असंही नाही. २०२५ च्या जुलैत शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे काढायला लावून तपासलं गेलं, आणि तपासणारी शाळेतली महिला कर्मचारीच होती. पाळी हा गुन्हा आणि डाग हा पुरावा मानणारी नजर बाईचीही असते. आणि गप्प बसण्याने मुली सुरक्षित होतात का? जिला आपल्या शरीराच्या भागांची नावं उच्चारता येत नाहीत, तिला कुठे आणि कसा हात लावला हे तक्रारीत कसं सांगता येईल? गैरफायदा घेणाऱ्याला सर्वांत सोयीची असते ती बोलू न शकणारी मुलगी.

आणखी एक हरकत आहे, आणि ती काढणारे बहुधा बायकांच्या बाजूचेच असतात. ते म्हणतात, खेळाशी पाळी जोडली की ‘काही होत नाही, पळ’ असाच संदेश जातो. जाहिरातीत पांढरी पॅन्ट घालून उड्या मारणाऱ्या मुली पाहिल्या की मलाही हाच राग येतो. दुखतं, हे खरं आहे. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती जास्त झाली की कळा येतात, मळमळतं, जुलाब होतात. नियमित व्यायामाने बऱ्याच जणींचं दुखणं कमी होतं, सगळ्यांचं नाही. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये २०२४ साली मीराबाई चानू एकूण १९९ किलो उचलून चौथी आली, पदक एका किलोने हुकलं, आणि तिने सांगितलं की पाळीचा तिसरा दिवस होता. चिनी जलतरणपटू फू युआनहुईने २०१६ मध्ये रिओला रिलेनंतर असंच मोकळेपणाने सांगितलं होतं. या दोघींनी सबब सांगितली असं मला वाटत नाही. ‘गुडघा दुखत होता’ म्हणावं तितक्या सरळपणे त्यांनी एक वस्तुस्थिती सांगितली. मैदानावर हेच शिकवायचंय: किती दुखणं नेहमीचं आणि कधी दवाखाना गाठायचा. तासातासाला पॅड भिजून बदलावं लागतंय, रक्तस्राव सात दिवसांच्या पुढे जातोय, दर महिन्याला शाळा बुडेल इतकं दुखतंय, पंधरा पूर्ण होऊनही पाळी आलेली नाही, आलेली पाळी तीन महिने थांबलीय, यातलं काहीही असलं तर डॉक्टर.

ते शेवटचं तर खेळाडू मुलींच्या बाबतीत हमखास नजरेआड होतं. कबड्डीत किशोरी गटाला वजनाची मर्यादा असते, म्हणून वजन करायच्या आदल्या दिवशी मुली जेवत नाहीत, काही जणी पाणीसुद्धा तोडतात. कष्ट जास्त आणि खाणं कमी असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर पाळीच थांबवतं. मुलगी म्हणते, बरंच झालं, कटकट गेली. पण त्याचबरोबर हाडंही ठिसूळ होत असतात. शिवाय रक्त कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी किती जणी खिशात घालून वाटेत टाकतात, हे कुठल्याही बाईंना विचारा. ‘तोंडाला चव राहत नाही’ हे कारण असतं. दम टिकवायचा तर ही गोळी घे, असं कर्णधाराने सांगितलं की तीच गोळी घेतली जाते.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांबद्दलही बोलायला हवं. गौरी-गणपतीत कोकणातल्या घराघरांत त्या आणल्या जातात, चिठ्ठीशिवाय, मेडिकलवाल्याला हळूच सांगून. आता स्पर्धेसाठीही मुली त्या घेतात. हे औषध नॉरएथिस्टेरॉनचं, म्हणजे संप्रेरकाचं आहे. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका असलेल्यांना ते चालत नाही, आणि ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं असतं. घरात देवासाठी आणि मैदानावर बक्षिसासाठी, दोन्हीकडे मुलीच्या शरीराने वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचं, ही सवय कोणी लावली?

संडास आधी बांधा, भाषणं मग, असं काही जण म्हणतात. संडास हवेतच, पाणी त्याहून आधी हवं. पण पावसाळ्यात आमच्याकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, आणि अनेक घरांत अजून पाळीसाठी कापडच वापरतात. ते लाजेने साडीखाली, नाहीतर मागच्या पडवीत अंधारात वाळत घालतात, दमट राहिलेलं तसंच वापरतात, मग खाज, जंतुसंसर्ग. कापड वाईट नाही. साबणाने धुतलेलं, उन्हात वाळवलेलं कापड उत्तम चालतं, आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवता येते. हे सांगायला बांधकाम खात्याची वाट कशाला बघायची? राज्य सरकारने २०१८ मध्ये अस्मिता योजनेतून जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅडचं पाकीट देऊ केलं, त्याच वर्षी सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटीही गेला. चांगलंच झालं. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठे हे कोणी सांगितलं नाही, म्हणून ते वहाळात जातं आणि पहिल्या पावसात खाडीला लागतं.

मैदानावर न येणाऱ्या मुलींचं काय, या प्रश्नाला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. खेळणाऱ्या बारा जणी घरी बहिणींना, वर्गात मैत्रिणींना सांगतात, पण सगळ्यांपर्यंत ते पोचत नाही. अपंग मुली, लहानपणीच घरकामाला जुंपलेल्या मुली यातून सुटतात. त्यांच्यासाठी आशाताई आणि शाळा यांनाच काम करावं लागेल. मैदानाने ते काम संपणार नाही, पण ते बोलणं ऐकायला मुलींचे कान तयार होतील.

२८ मे, मासिक पाळी स्वच्छता दिन, आला की फलक लावून पॅडवाटपाचे फोटो काढले जातात. त्याऐवजी तालुक्यातल्या मंडळांनी चार गोष्टी कराव्यात. मुलींच्या संघांना गडद रंगाच्या चड्ड्या. मुलींच्या प्रत्येक संघासोबत एक बाई, नसेल तर प्रवेशिका स्वीकारायची नाही. मैदानाजवळच्या घराशी आधी बोलून ठेवलेली मोरी, तिथे पाणी, साबण आणि झाकणाची बादली. प्रथमोपचाराच्या पेटीत बँडेजशेजारी पॅडची पाकिटं. याला पहिल्या बक्षिसाच्या रकमेतला लहानसा भाग पुरतो. मुंबईकर मंडळी पुढच्या हंगामाची वर्गणी गणपतीला गावी आल्यावर ठरवतात. त्या बैठकीत हा खर्च मुलींच्या आईवडिलांनी मांडावा, आणि तो मंजूर होईपर्यंत मुलींच्या संघांची नावं देऊ नयेत.